आतल्या बाजूचा माणूस

हातगाडीवाल्याने फळ्या दुकानाच्या दारात उतरवल्या तेव्हा अथमान न्याहारी करत होता. नारळाच्या रसातली तूर आणि माहामरी, म्हणजे तळलेल्या गोडसर पुऱ्या, रोजचंच. समोरच्या दोन घरांच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी सगळ्यात वरच्या फळीवर पडली होती आणि त्या पट्टीत खिळ्यांची डोकी एका ओळीत दिसत होती. अथमानने ती पाहिली आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. खिळे काय, खाडीवर फोडलेल्या कुठल्याही जुन्या नावेच्या फळीत असतात. पण हे खिळे लाकडात तांदळाच्या दाण्याएवढे खोल, सगळे सारखे खोल बसवलेले होते, आणि भोवतालच्या लाकडावर हातोडीचा एकही चुकलेला घाव नव्हता. मोंबासात असा खिळा मारणारा एकच माणूस होऊन गेला. होऊन गेला हे अथमानच्या मनातलं. माणूस चांगला जिवंत होता, मस्कतला होता आणि येत्या गुरुवारी यायचा होता.

“लुलूनं पाठवल्यात,” मुतुआ म्हणाला. मुतुआ त्याचा दुकानातला भागीदार. कोरीव काम मुतुआकडे, तोडणं-जोडणं अथमानकडे, आणि बोलणं दोघांच्याही वाट्याचं मुतुआकडे. “तिच्या लग्नाच्या पलंगासाठी. पलीकडे खाडीवर ती ‘सुबीरा’ फोडतायत ना, तिच्या फळ्या. स्वतः जाऊन निवडल्या म्हणे. मलबारी साग आहे, बघ तरी. पोरगी तुझ्यापेक्षा बरी पारखी निघाली.”

अथमानने घास गिळला आणि हात धुतला. फळ्यांना आतल्या अंगाने नावेच्या फासळ्यांचे तुकडे तसेच जडलेले होते. फोडणाऱ्यांनी फासळ्या मध्येच करवतीने कापून फळ्या सुट्या केल्या होत्या. म्हणजे एकेक खिळा फळी आणि फासळी दोन्हींतून आरपार गेलेला. तो काढल्याशिवाय फळी मोकळी होणार नव्हती, आणि फळी मोकळी झाल्याशिवाय लुलूचा पलंग होणार नव्हता. इतकं सरळ काम होतं. तरी त्याने पहिली फळी लाकडी घोड्यांवर चढवली ती खिळ्यांची डोकी वर करून, आणि मग नुसता बघत उभा राहिला. स्वालेह, तो मनात म्हणाला. इतक्या वर्षांनी घरात येतोस तर दारातून ये. आधी लाकडातून कशाला येतोस?

स्वालेह हा लुलूचा बाप. लुलू जेमतेम चालायला लागली तेव्हा त्याने तिच्या आईला, तिमाला, तलाक दिला, खाडीवरचा नावांचा कारखाना मोडला आणि तो समुद्रापार गेला. तिथे दुसरं घर, दुसरी बायको, दुसरी मुलं. तिमाशी अथमानने लग्न केलं तेव्हा लुलू दाराआड उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि तिने गल्लीतल्या लोकांचं ऐकून त्याला ‘फुंदी’ म्हटलं होतं. फुंदी म्हणजे कारागीर, गवंड्यापासून घड्याळजीपर्यंत कोणालाही म्हणतात. सगळे हसले, तोही हसला, आणि ते नाव चिकटलं. शाळेच्या फाटकाशी तिला सोडताना फुंदी, ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसला तेव्हा फुंदी, पहिल्या पगारात तिने त्याला टोपी आणली तेव्हाही फुंदी. ‘बाबा’ हा शब्द घरात होता, पण तो फोनसाठी होता. दोन ईदांना फोन वाजायचा, लुलू खिडकीत जाऊन, डोक्यावरची ओढणी सारखी करून, हळू आवाजात बोलायची. फोनवर कोण ओढणी सारखी करतं? अथमानला हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणाला विचारता आला नव्हता.

निकाहाला मुलीच्या बाजूने बाप लागतो. बाप परगावी असला तर तो निरोप धाडतो की अमक्याला माझ्या जागी उभा करा. एवढ्यासाठी कोण विमानात बसतं, असं अथमानने धरून ठेवलं होतं, आणि त्या अमक्याच्या जागी त्याने स्वतःला किती वेळा उभं करून पाहिलं होतं याचा हिशेब नाही. मौलवी विचारतील, आपण घसा साफ करू, माझी मुलगी म्हणू. निदान तेवढ्या वेळापुरतं म्हणावंच लागेल, शब्दच तसे आहेत. पांढरा झगा त्याने धोब्याकडून खळ घालून आणवलासुद्धा होता. मग एका संध्याकाळी लुलू फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, बाबा येतायत. तिमा मासा साफ करत होती. तिने मान वर केली नाही, फक्त सुरी क्षणभर थांबली. ती सुरी का थांबली? तेवढ्यावर अथमानचे पुढचे कित्येक दिवस गेले.

खिळे काढायला हत्यार निवडावं लागतं आणि तिथेच निम्मं काम होतं, असं तो शिकाऊ कामगारांना सांगत आला होता. मागे फट असलेली हातोडी खोक्यांच्या तारखिळ्यांना ठीक. घडीव खिळ्याचं डोकं जाड पण मान बारीक, मान गंजाने खाल्लेली. ओढलं की डोकं हातात येतं आणि धड लाकडात राहतं. कटावणी जोर देते, पण टेकल्या जागी फळीच्या तोंडावर चंद्रकोरीसारखा वळ उठवते. पक्कड हलकी, पण तिला धरायला डोकं वर आलेलं पाहिजे. नळीला दात पाडून केलेलं गिरमिट असतं, ते खिळ्याभोवतीचं लाकूडच गोल कापून काढतं आणि बोट जाईल एवढं भोक ठेवतं. आणि या सगळ्यांच्या आधी एक नियम: फळी आली की पहिली उलटी करायची. नावेचा खिळा आतल्या बाजूला टोक मुडपून दाबलेला असतो. ते टोक आधी छिन्नीने उघडायचं, सरळ करायचं, आतून ठोकून डोकं बाहेर काढायचं आणि मगच पक्कड लावायची. हा नियम अथमानला झोपेतही पाठ होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात त्याने तो घातला होता. आणि त्या आठवड्यात त्याने तो पाळला नाही. त्याला त्या खिळ्यांना डोक्याकडूनच धरायचं होतं.

पहिल्या दिवशी त्याने कटावणी घेतली. पहिल्याच खिळ्याचं डोकं टण्णकन तुटून मुतुआच्या पायाशी पडलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याला त्याने पटाशीने भोवतालचं लाकूड कोरून पकडीला जागा केली, दोन्ही पाय फळीला लावून ओढलं, तर पक्कड सुटली आणि तो पाठीवर आपटला. मुतुआ रंधा थांबवून बघत होता. खिळ्यानं तुझं काय घोडं मारलंय, असं त्याने विचारलं, आणि फळी उलटी कर की बाबा, असंही म्हणाला. अथमानने आपलं काम बघायला सांगितलं. त्याला आपल्या आवाजाचंच नवल वाटलं. नंतर तो फळीवर ओणवा होऊन एकेका डोक्यावरून अंगठा फिरवत राहिला. किती नीट मारलेत मेल्याने. एकाचाही तोल गेलेला नाही. मारताना गात असायचा, तेही सुरात. माणसाला देवाने सगळंच कशाला द्यावं? हात द्यावा, गळा द्यावा, उंची द्यावी, तिमा द्यावी, आणि टाकून जायची मुभा द्यावी, वर टाकून गेलेल्याची वाट बघणारी मुलगी द्यावी.

स्वालेहच्या कारखान्यात अथमानने काही महिने काढले होते. तेव्हा तो सडपातळ होता आणि हातात कुठलीच कला नव्हती. ‘सुबीरा’ त्याला आठवत होती ती पाण्यात ढकलतानाची. शंभर माणसं दोराला, बकरा कापलेला, आणि दोराच्या अगदी शेवटी तो. म्हणजे ती नाव तो कामाला लागण्याआधीच बांधून झालेली, असा त्याचा समज होता. त्या दिवसांतलं त्याच्या आठवणीत दुसरं फारसं काही नव्हतं. एवढंच की स्वालेहचा खिळा उघडा कधी जायचा नाही. प्रत्येक खिळ्याला मुशीच्या तेलात भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. बाकीचे कारखाने कापूस वापरत. स्वालेहकडे पट्ट्या घरच्या कापडाच्या असत आणि त्या मालकाच्या बायकोने फाडायच्या असत. घराची लाज राखणारं कापड नावेची पण राखतं, असं तो म्हणायचा. तिमा दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची आणि लाकडाच्या भुशावर बसून आपल्या जुन्या कांगा, अंगाभोवती गुंडाळायची छापील कापडं, फाडायची. एक लाल कांगा होती. काळा काठ, आत कोयऱ्या, एका कोपऱ्यावर निखाऱ्याने पडलेलं भोक. कांगांवर छापलेली ओळ असते तशी तिच्यावरही होती: ज्याला जळायचं त्यानं जळावं, माझी चूल वेगळी. फाडताना टर्र आवाज यायचा. हे त्याला आठवत होतं, पण विचित्र आठवत होतं. तिमाचा चेहरा त्या आठवणीत नव्हता. एक हात मनगटापासून बोटांपर्यंत. मग भुशातली टाच. मग लाल कापड, आडवं, अरुंद, दोन काळ्या कडांच्या मध्ये. सगळं असं पट्ट्यापट्ट्यांनी आठवायचं. जुनी गोष्ट आहे, तुटक होणारच, असं तो समजत आला होता. तिमाला नीट पाहिलं ते खूप नंतर, तलाकानंतर, शिंप्याच्या दुकानात, असं त्याने तिलाही सांगितलं होतं आणि स्वतःलाही.

आता तिने फाडलेली ती पट्टी या खिळ्यांभोवती असेल, हे त्याला दुसऱ्या दिवशी सुचलं आणि मग त्याला काही सुचेना. तिचं कापड, त्याचा खिळा, आणि दोन्ही एकाच भोकात, इतकी वर्षं, भर समुद्रात, एक थेंब पाणी मध्ये न येऊ देता. आणि त्याच्यावर लुलू झोपणार. त्याने गिरमिट काढलं. सगळं कोरूनच काढावं, खिळा, पट्टी, भोवतालचं लाकूड. फळीची चाळण होऊ दे. मग त्याला वाटलं, चाळण कशाला, सडलंय म्हणून सांगू. आतून किडलंय, बाळ, वरून चांगलं दिसतं. लुलूला काय कळणार? आपल्याकडे चांगलं म्वुलेचं लाकूड आहे, स्वच्छ, नवं, बिनखिळ्याचं. हा बेत मनात आला आणि त्याला थंड वाटलं. दिवसभर तो ते वाक्य घोकत राहिला.

घरी भिंतींना चुना लागला होता. तिमाने परड्यातल्या चुलीसुद्धा सारवून घेतल्या होत्या. अथमानने विचारलं, हे कोणासाठी? ती म्हणाली, लग्नघर आहे. बरोबरच होतं, पण त्याला ते उत्तर वाटलं नाही. या सबंध महिन्यात तिने स्वालेहचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. दुसऱ्या कोणी तिच्याजवळ ते घेतलं की ती म्हणायची, बरं. नाव घेतलं असतं, शिव्या घातल्या असत्या, रडली असती तरी त्याने समजून घेतलं असतं. ती कपाट आवरत होती तेव्हा त्याने दारातून नजर टाकली. लाल कांगा कुठे ठेवलीय का, ते बघत होता. जी कांगा त्याच्या दुकानात फळीच्या पोटात आहे ती कपाटात कशी असेल, हे त्याला कळत होतं. कळून काय होतं? कोळसा कितीही उगाळला तरी काळाच, आणि तो तर झोपेतही उगाळत होता.

बुधवारी दुपारी लुलू दुकानात आली. हातांवर मेंदी, म्हणून ती हात अंगापासून लांब धरून चालत होती आणि चेहऱ्यावर आलेली माशी फुंकून उडवत होती. तिने फळ्या पाहिल्या, तुटलेली डोकी पाहिली.

“झालं नाही अजून?”

“लाकूड…” अथमान म्हणाला आणि थांबला. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.

“लाकडाचं काय?”

“जुनं आहे.”

“म्हणून तर घेतलं,” ती म्हणाली. “नवं घ्यायला मला कोण अडवत होतं? फुंदी, मला त्या भोकांसकट पाहिजे. बुजवू नकोस ती.” मग मेंदीचा हात वर धरून तिने कोपराने फळीला हळूच ढोसलं. “मी लहान असताना तू मला खाडीवर न्यायचास आणि दाखवायचास ना, ती बघ तुझ्या बाबांची नाव चालली. मी सारखी हात करायची. तिच्यावर माणसं कोण होती देव जाणे, तीही हात करायची.”

हे अथमान विसरला नव्हता. न्यायचा तो, खांद्यावर घ्यायचा तो, नाव कुठली ते दाखवायचा तो, आणि हात मात्र त्या नावेला. कर्माची फळं. स्वतःच्या हाताने पेरायचं आणि मग पीक दुसऱ्याच्या नावावर बघायचं. लुलू गेली तशी त्याने सगळ्यात मोठी कटावणी उचलली, फळीच्या कडेला, खिळ्याच्या अगदी बुडाशी घुसवली आणि अंगातला सगळा जोर टाकला. फळी कण्हली. खिळा हलला नाही, पण घोडा सरकला आणि अख्खी फळी कलंडून जमिनीवर आदळली. मुतुआ ओरडत उठला. फळी उताणी पडली होती, फासळ्यांचे तुकडे वर, आणि पडल्याच्या हादऱ्याने त्यांच्यावरचं डांबराचं जाड कवच भंगून खाली सांडलं होतं. डांबराखाली खिळ्यांची टोकं होती. प्रत्येक टोक मुडपून, लाकडाला चापून, परत लाकडातच रुतवलेलं. एकही ढिलं नव्हतं.

“हे बघ,” अथमान धापा टाकत म्हणाला. “हे सोडत नाहीये. डोक्याचं काहीच नाही, ही टोकं धरून बसलीत. कोण गाढव होता आत?”

एक माणूस बाहेरून खिळा मारतो आणि एक माणूस नावेच्या पोटात ओणवा बसून आलेलं टोक मुडपतो. बाहेरच्याचं नाव होतं. आतल्याचं कोणी विचारत नाही, त्याने फक्त सडपातळ असावं.

मुतुआ उकिडवा बसला आणि त्याने बोटाने एकेक टोक चाचपलं. “गाढव नाही, पक्का माणूस होता,” तो म्हणाला. “डावरा होता बघ. सगळी टोकं उलट्या अंगाला वळवलीत. तू वळवतोस तशी.”

तो हे सहज म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने वर पाहिलं, ते अथमानच्या हातातल्या कटावणीकडे, ती ज्या हातात होती त्या हाताकडे. मग तो उठला आणि गल्लीच्या तोंडावर कॉफी प्यायला निघून गेला. मुतुआ न बोलता कुठे गेल्याचं अथमानला आठवत नव्हतं.

अथमान फळीजवळ जमिनीवर बसला. त्याने डावा अंगठा एका मुडपलेल्या टोकावर ठेवला आणि तो तिथे बरोबर बसला. मग हळूहळू त्याच्या नाकात वास आला, मुशीच्या तेलाचा आणि उन्हाने तापलेल्या नव्या सागाचा. आत काळोख होता. गुडघे छातीशी, मांडीवर लोखंडी ठोकळा, कानाशी बाहेरून हातोडीचा दणका, आणि दणक्यांच्या मध्ये स्वालेहचं गाणं, लाकडातून येणारं, दुसऱ्या घरातून आल्यासारखं. वरच्या फळ्या बसल्या होत्या, एक अरुंद फळी तेवढी राहिली होती. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती, आणि त्या फटीतून उजेड यायचा. फटीतून मनगट दिसायचं. फटीतून टाच दिसायची. लाल कापड आडवं दिसायचं, वर एक काळी कड, खाली एक काळी कड. त्या कडा कापडाच्या नव्हत्या, फळ्यांच्या होत्या. तो रोज डोळा फटीला लावून बसायचा. बाहेरचा माणूस गात होता, तोपर्यंत बघायचा. गाणं थांबलं की पुढचं टोक येणार, मग टोक मुडपायचं, आणि सगळा जीव त्या मुडपण्यात घालायचा. म्हणून ती टोकं अशी बसली होती. पुढे एके दिवशी ती फट बुजवणारी फळी आली, आणि तिचेही खिळे त्यानेच आतून दाबले.

म्हणजे शिंप्याचं दुकान खोटं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याची बायको होती ती तेव्हा. इतकी वर्षं ज्या माणसावर जळलो, त्यानेच जळावं असं काही आपण करून बसलो होतो आणि सोयीने विसरलो होतो. पण लाजेच्या खाली आणखी एक काहीतरी होतं आणि ते लाजेपेक्षा गोड होतं. ते काय हे त्याने फार तपासलं नाही. ऊठ, तो स्वतःला म्हणाला, छिन्नी शोध. फळी परत घोड्यांवर चढवून छिन्नीला धार लावेपर्यंत दिवस मावळला.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर लुलू बापाला घेऊन दुकानात आली. स्वालेह अजूनही उंच होता, पण खांदे उतरले होते आणि पोट पुढे आलं होतं. अंगाला उदाचा वास. हात मऊ झाले होते, अथमानने सलाम करताना पहिलं ते पाहिलं. तुमचे उपकार आहेत, बंधू, असं स्वालेह म्हणाला, मुलीला सांभाळलंत. सभेत बोलावं तसं बोलला. त्याने अथमानला ओळखलं नव्हतं. ओळखायचं काय होतं? आतली माणसं यायची आणि जायची.

“माझे खिळे,” तो फळीजवळ जाऊन म्हणाला आणि लुलूकडे वळला. “बघ. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात, एक थेंब आत आला नसेल.”

“आणि आता निघतही नाहीत,” लुलू म्हणाली. “फुंदी आठवडाभर झगडतोय.”

“निघावेत म्हणून मारलेच नव्हते मी,” स्वालेह म्हणाला आणि हसला. लुलू हसली.  अथमानने मुतुआला खूण केली आणि दोघांनी मिळून फळी उलटी केली. छिन्नीची धार एका टोकाखाली घालून त्याने दोन हलके घाव घातले. टोक उचकलं, आणखी दोन घावांत सरळ उभं राहिलं. आता ते आतून ठोकायचं आणि खालून कोणीतरी डोकं धरून ओढायचं. मुतुआ पक्कड घेऊन पुढे झाला.

“तू राहू दे,” अथमान म्हणाला. त्याने पक्कड मुतुआच्या हातून घेतली आणि स्वालेहपुढे धरली. “बंधू, एकट्याचं काम नाही हे. खाली बसता का जरा?”

लुलू बघत होती, म्हणून स्वालेहला नाही म्हणता आलं नाही. त्याने झगा गुडघ्यापर्यंत सावरला आणि फळीखाली, घोड्यांच्या मध्ये, ओणवा होऊन बसला. त्याला ते जड गेलं. अथमानने डाव्या हाताने हातोडी मारली. एक, दोन, आणि खालून स्वालेहचा आवाज आला, आलं. त्याने ओढलं. खिळा किंचित रडला आणि अख्खा बाहेर आला. त्याच्या अंगाला काळं चिकट कापड गुंडाळलेलं होतं. स्वालेहने ते नखाने सोलून बाजूला फेकलं आणि खिळा उजेडात धरला.

लुलूने वाकून ते कापड उचललं. मेंदी सुकली होती. तिने ते उलगडलं; बाहेरचे वेढे डांबरासारखे काळे, पण आतल्या वेढ्याला लाल रंग तसाच होता, आणि त्यात अर्धी कोयरी.

“बाबा, हे काय?”

“चिंधी,” स्वालेह खालून म्हणाला. “पाणी येऊ नये म्हणून गुंडाळतात.”

इथे अथमानने गप्प बसायला हवं होतं. ते त्याला कळत होतं.

“तुझ्या आईची कांगा आहे ती,” तो म्हणाला. “कोयऱ्यांची. डाव्या कोपऱ्याला निखाऱ्यानं भोक पडलं होतं, म्हणून फाडली. फाडताना ती दातांत धरायची एक टोक.”

दातांचं त्याला आत्ताच आठवलं होतं, बोलता बोलता.  मुतुआने रंध्यातला भुसा झटकायला घेतला. लुलूने ती पट्टी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली, आणि सावकाश मान वर केली.

“फुंदी, तुला कसं माहीत?”

 उत्तर फळीखालून आलं. तिथून स्वालेह वर बघत होता, अथमानच्या तोंडाकडे नाही, हातोडी धरलेल्या डाव्या हाताकडे, आणि मग उघडलेल्या त्या टोकाच्या भोकातून येणाऱ्या उजेडाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून उदाचा वास, विमान, मस्कत सगळं उतरलं होतं.

“हा आत होता,” तो म्हणाला. “लुलू, हा आत होता तेव्हा.” मग थेट अथमानला, “तू आत होतास.”

ते जळणारे डोळे अथमानला ओळखीचे होते. दाढी करताना आरशात तो ते रोज पाहत आला होता, पार आजच्या सकाळपर्यंत. त्याला आनंद झाला. तो लपवावा असंही त्याला वाटलं नाही. लुलू पट्टी मुठीत धरून दोघांच्या मध्ये उभी होती, आणि बघत मात्र त्याच्याकडे होती, दाराआडून पहिल्यांदा पाहिलं होतं तशी.

अथमानने छिन्नी पुढच्या टोकाखाली घातली आणि ते उचकलं.

“नीट धर,” तो खाली बसलेल्या माणसाला म्हणाला, आणि त्याने हातोडी उचलली.